उजेडावर धरलेलं पाकीट

बत्तीस मिनिटं झाली होती आणि माझा उजवा अंगठा कधीच बधिर होऊन गेला होता. समोर टेबलावर दस्तगीर मुल्ला नावाचे एसटीतले निवृत्त कंडक्टर उताणे पडले होते. त्यांच्या जांघेत सोनोग्राफीचा प्रोब दोन्ही हातांनी रोवून मी उभी होते, आणि स्क्रीनसमोर स्टुलावर बसलेला डॉ. सौमित्र कुंभोजकर दर दोन मिनिटांनी एकच पालुपद लावत होता, "अजून थोडं, मॅडम. अजून थोडं."

"थोडं म्हणजे किती ते एकदा सांगून टाका," मी म्हटलं. "म्हणजे घरी निरोप धाडते, आज जेवायला थांबू नका म्हणून."

मुल्ला दात आवळूनच हसले. माणूस काटक होता, पन्नास-बावन्न किलोचा, अंगावर मांस असं नव्हतंच. त्यामुळे माझा दाब नेमका जिथे पोचायला हवा तिथे पोचत होता. तरी घामानं त्यांची बनियन भिजून गेली होती.

"बाई, ह्याला दुसरा काय इलाज न्हाई का ओ?" त्यांनी विचारलं. "एवढा जोर लावून तर मी एस्टीची खिडकीबी कधी लावली न्हाई."

"आहे की. सुई आहे. दोन मिनिटांचं काम. पण तुमच्या पाकिटात दाब निघाला."

"मग पाकीट बदला की."

सौमित्र मोठ्यानं हसला. मी हसले नाही. मान खाली घालून मी प्रोब आणखी रोवला, आणि चौतिसाव्या मिनिटाला स्क्रीनवरचा रक्ताचा लाल-निळा भोवरा विझला.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी व्हॅस्क्युलर लॅबची, म्हणजे रक्तवाहिन्या तपासायच्या विभागाची, टेक्निशियन होते. हेमलता बिरनाळे. माझी ख्याती म्हणाल तर खडूस म्हणून. लॅबमधलं पेन कोणी उसनं नेलं तर मी त्याचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर लिहायची आणि पेन परत आल्याशिवाय पुसायची नाही. मोठमोठ्या डॉक्टरांची नावं त्या फळ्यावर आठवडा आठवडा राहिलेली आहेत.

त्या सुमाराला आमच्याकडे अँजिओग्राफी जोरात सुरू झाली होती. हृदयाकडे जाणारी बारीक नळी जांघेतल्या धमनीतून आत घालतात. काम झालं की नळी काढतात आणि धमनीला पडलेलं भोक बुजतं. बहुतेकांचं बुजतंच. शंभरात एखाद्याचं बुजत नाही. मग रक्त धमनीबाहेर येऊन मांसात पिशवी करतं, ठोक्याबरोबर धडधडणारी. पिशवी आणि धमनी यांना जोडणारी जी अरुंद वाट, तिला आम्ही मान म्हणायचो. ती पिशवी फुटली तर माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून ती बंद करायची. डॉक्टरांनी प्रोब ठेवून मान दाखवायची, मग त्याच प्रोबनं ती मान दाबून धरायची, रक्त आतल्या आत गोठेपर्यंत. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, कधी तास. दाबायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा हात हलत नाही असं कोणीतरी एकदा म्हणालं होतं. असं कौतुक फार महागात पडतं.

रोग्याला त्या दाबानं ब्रह्मांड आठवायचं. लठ्ठ माणूस असला तर दाब वरच्या चरबीतच जिरून जायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या तर तासभर दाबूनही पिशवी जिथल्या तिथे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तरी नाही जमलं तर ऑपरेशन. एका बाईंनी मला टेबलावरून हात जोडले होते, सोडा म्हणून. मी सोडलं नाही, आणि पिशवीही बंद झाली नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी भाकरी थापू शकले नव्हते.

आमचे प्रमुख डॉ. इनामदार सर. त्यांनी कुठल्याशा परिषदेत सुई पाहिली होती. स्क्रीनवर बघत पिशवीत बारीक सुई घालायची, थ्रॉम्बिन नावाचं रक्त गोठवणारं औषध थेंब थेंब सोडायचं, आणि काही सेकंदांत पिशवी गोठते. सरांनी औषध मागितलं तेव्हा खरेदी समितीनं कळवलं की हातानं होतंय ना, मग कशाला. सर तसे गप्प बसणारे नव्हते. त्यांनी सौमित्रला एमडीच्या थिसिसला हाच विषय दिला, दाब आणि सुई यांची तुलना. चाळीस रोगी, निम्म्यांना दाब, निम्म्यांना सुई. त्यासाठी औषधाच्या वीसच कुप्या मंजूर झाल्या. सुई सरस ठरली तर औषध कायमचं आमच्या कपाटात येणार, असं समितीकडून सरांनी लेखी घेतलं होतं. माझा सगळा जीव त्या कपाटाच्या रिकाम्या खणात अडकला होता.

कोणाला काय मिळणार हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, नशिबानं ठरायचं. त्यासाठी सामाजिक वैद्यक विभागाच्या डॉ. सबनीस मॅडमनी चाळीस चिठ्ठ्या केल्या. विसांवर 'दाब', विसांवर 'सुई'. स्वतः पिसून पाकिटांत घालून चिकटवल्या. पाकिटांवर बाहेरून नंबर घाला, म्हणजे क्रम बदलता येणार नाही, असं त्यांनी सौमित्रला बजावलं होतं. सौमित्र म्हणाला, आज-उद्या घालतो. ते आज-उद्या दीड वर्ष चाललं. गठ्ठा माझ्या खणात, रोगी आला की मी वरचं पाकीट काढून सौमित्रच्या हातात द्यायचं, एवढाच नियम होता.

मुल्ला सदतिसावे. अडतिसाव्या आल्या त्या अक्काताई मगदूम.

बाई एसटी स्टँडामागे खानावळ चालवायच्या. वजन ब्याण्णव किलो, हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या पाचवीला पुजलेल्या. स्ट्रेचरवरून आत येतानाच त्यांनी वॉर्डबॉयला सुनावलं होतं की कोपऱ्यावर जरा सावकाश घे, मी काय बटाट्याचं पोतं न्हवं. मला हसू आलं. मग मी चादर बाजूला केली आणि माझं हसू जिरलं. जांघ काळीनिळी पडली होती आणि पिशवी लिंबाएवढी टरारून उठली होती.

सौमित्र अजून वॉर्डातून यायचा होता. मी खण उघडला. तीन पाकिटं उरली होती.

आमच्या भिंतीवर एक्स-रे बघायची पांढऱ्या उजेडाची पेटी होती. मी बटण दाबलं आणि वरचं पाकीट तिच्यावर टेकवलं. पाकिटं स्टोअरमधली, पातळ पिवळ्या कागदाची. सबनीस मॅडमनी लिहिलेलं जाड मार्करनं. दाब. दुसरं टेकवलं, तेही दाब. तिसऱ्यात सुई होती. मी तिसरं वर ठेवलं, बाकीची दोन त्याखाली सरकवली आणि पेटी बंद केली.

तुम्हाला वाटेल, माझी छाती धडधडली असेल. पहिल्या वेळी धडधडली होती. ही अकरावी वेळ होती, आणि माझ्या डाव्या हातात चहाचा कप होता.

वळून बघते तर अक्काताई माझ्याकडेच टक लावून बघत होत्या.

"काय बघितलासा त्या दिव्यावर?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नशीब," मी म्हटलं. "चांगलं निघालं."

सौमित्र आला. मी पाकीट दिलं, त्यानं फाडलं, 'सुई' वाचलं आणि सरांना फोन केला. सुई टोचताना सर जातीनं हजर राहायचे. त्यांनी प्रोब ठेवून नीट पाहिलं आणि जरा घुटमळले. मान रुंद आहे, म्हणाले. औषध मानेतून परत धमनीत सांडायची भीती असते. पण अभ्यासाच्या नियमात बसेल इतपतच रुंद होती, आणि पाकिटात सुई आलेली होती. सरांनी फूटपट्टीनं मोजावं तसं स्क्रीनवर दोनदा मोजलं.

"पाकिटात आलंय ना," शेवटी ते म्हणाले. "मग द्यायचं."

मला त्या क्षणी बोलता आलं असतं. मी सुईचा ट्रे पुढे केला.

औषध आत गेलं आणि तो लाल-निळा भोवरा डोळ्यांदेखत काळा पडला. अक्काताईंनी विचारलं, कधी टोचणार. टोचून झालं म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. सरसुद्धा हसले. मी मनातल्या मनात कपाटातला खण पुसून घेतला.

दहा मिनिटांनी अक्काताई म्हणाल्या, "पायाला मुंग्या यायल्यात. कुणी बर्फ लावला काय?"

पाऊल पांढरं पडलं होतं. मी बोटं घोट्याशी नेली, नाडी लागेना. रक्ताचा आवाज ऐकवणारी डॉप्लरची पेन्सिल लावली, आवाज नाही. सरांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली, स्वतः लावली आणि सर्जनला फोन केला. औषधाचा थेंब मानेतून धमनीत उतरला होता आणि खाली पायात गुठळी जाऊन बसली होती. अर्ध्या तासात अक्काताई ऑपरेशनच्या टेबलावर होत्या. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. ड्युटी संपली होती, तरी उठले नाही. कुणावर चिडावं हे कळत नव्हतं म्हणून मी नंबर न घातल्याबद्दल सौमित्रवर चिडले, पातळ कागदाबद्दल स्टोअरवर चिडले आणि रुंद मानेबद्दल देवावर.

पाय वाचला. सर्जननी गुठळी ओढून काढली, धमनी शिवली. सौमित्र बाहेर येऊन म्हणाला, "नशीब बघा मॅडम. हिच्या पाकिटात दाब आला असता तर निदान हे तरी झालं नसतं."

मी हो म्हटलं.

उरलेली दोन पाकिटं पुढच्या महिन्यात फुटली. दोन्हींत दाबच निघणार हे मला माहीत होतं. थिसिस छापून, बांधून विद्यापीठात गेला, आणि मार्चमध्ये खरेदी समितीपुढे सौमित्रनं निकाल मांडायचा दिवस आला. प्रोजेक्टर लॅबचा होता, म्हणून मीही मागच्या खुर्चीवर होते. मला निकालाची धाकधूक नव्हतीच. मला वाटत होतं, दीड वर्ष या हातांनी जे भोगलं ते आता पडद्यावर आकड्यांत दिसेल.

पडद्यावर आलं ते असं. दाब दिलेले वीस, त्यातले अठरा बंद. सुई दिलेले वीस, एकोणीस बंद. दाबाच्या गटात पायाला धोका कोणालाच नाही. सुईच्या गटात एकाला, तातडीचं ऑपरेशन.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. विसात अठरा? माझ्या हातांनी? अभ्यासाआधी निम्मे बंद होताना माझ्या नाकी नऊ यायचे. मला आधी वाटलं सौमित्रनं टाइप करताना चूक केलीय. मग त्यानं पुढचा तक्ता लावला, दोन्ही गटांतले रोगी कसे होते त्याचा. दाबाच्या गटाचं सरासरी वजन चोपन्न किलो. सुईच्या गटाचं शहात्तर. रक्त पातळ करायची औषधं चालू असलेले, दाबात दोन, सुईत तेरा.

डॉ. सबनीस मॅडम पुढच्या रांगेत होत्या. बाई बुटक्या, आवाज मात्र खणखणीत.

"हा तक्ता थांबवा," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या मी स्वतः पिसल्यात. मग सगळे काडीपैलवान एका बाजूला आणि सगळे वजनदार दुसऱ्या बाजूला कसे गेले?"

सौमित्र म्हणाला, "योगायोग असेल, मॅडम. आकडा लहान आहे."

"असू शकतो. सहसा नसतो. पाकिटं कोणाकडे होती?"

"बिरनाळे मॅडमकडे. त्यांच्या खणात."

आणि मग जे झालं ते मी आजवर विसरलेले नाही. समितीतले तिघेचौघे मागे वळून माझ्याकडे बघून हसले. संशयानं नव्हे, चांगलं हसले. आमचे मेडिकल सुपरिंटेंडेंट, ज्यांचं नाव माझ्या फळ्यावर दोनदा लागलं होतं, ते म्हणाले, "बिरनाळेबाईंकडे होती? मग प्रश्नच मिटला. पुढे चला."

सबनीस मॅडमसुद्धा खांदे उडवून खाली बसल्या.

तेव्हा मला कळलं. अगदी त्या मिनिटाला, पाटी पुसून स्वच्छ लिहावं तसं. जे जड, ज्यांचा दाबानं जीव गेला असता, ज्यांची पिशवी माझ्या हाताखाली बंद झालीच नसती, ते सगळे मी उचलून सुईकडे पाठवले होते. दाबाकडे मी मुल्लांसारखे ठेवले, ज्यांचं कुणीही दाबून बंद केलं असतं. मी दया करत होते आणि इकडे दाबाचे गुण वाढत होते. उठून बोलायला हवं होतं. उठायला म्हणून मी खुर्चीचा हात धरलासुद्धा. पण 'प्रश्नच मिटला' हे शब्द कानात होते, आणि ते खोटे ठरवायचं माझ्या जिवावर आलं.

सुपरिंटेंडेंटनी समारोप केला. हातानं अठरा होतायत, सुईनं एकोणीस, आणि त्यात एका बाईचा पाय जाता जाता राहिलाय, तर सुई कशाला. सर वाद घालतील असं मला वाटलं. ते नुसते तक्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आकडे असं म्हणतायत खरं," आणि कागद आवरू लागले.

लॅबमध्ये परत आलो तर दारात अक्काताई. पाय तपासून घ्यायची तारीख होती. काठी टेकत आल्या होत्या आणि काखेत भडंगाचा डबा होता. आता कसं आहे विचारल्यावर त्यांनी पाय उचलून हलवून दाखवला आणि डबा सौमित्रच्या हातात कोंबला.

"ह्यो तुमच्यासाठी न्हाई, बाईंसाठी हाय," त्या म्हणाल्या. "त्यांनी त्या दिव्यावर एकेक पाकीट धरून माझ्यासाठी चांगलं निवडून काढलं. पायाचं झालं ते झालं, त्यात त्यांचा काय दोष. पर परक्या माणसासाठी एवढं कोण करतंय?"

सौमित्रनं त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पेटीकडे. मग माझ्याकडे. अक्काताई आणखी दहा मिनिटं बोलत होत्या, खानावळीत या म्हणाल्या, पैसे घेणार नाही म्हणाल्या, आणि काठी टेकत गेल्या. सौमित्रनं दार लावून घेतलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"कोण कोण?"

त्यानं नोंदवही माझ्यापुढे टाकली. मी पेन घेतलं आणि अकरा नावांपुढे खुणा केल्या. एकही नाव आठवावं लागलं नाही. मला प्रत्येकाची जांघ आठवत होती. तो शेजारी उभा राहून बघत होता. मग कागद ओढून त्यानं हिशेब मांडला, दोनदा खोडला, तिसऱ्यांदा मांडला.

"हे अकरा दाबात राहिले असते तर यातले सात-आठ तरी बंद झाले नसते," तो म्हणाला. "विसात दहा-अकरा. सुई सरळ सरळ जिंकत होती, मॅडम. काहीही न करता जिंकत होती."

"मला त्यांचे हाल बघवले नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही स्क्रीनकडे बघायचात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते."

"या अकरा जणांचे हाल वाचवलेत. आता पुढचे जे येतील त्यांना कुठलं पाकीट देणार?"

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खाली बसला, भडंगाचा डबा मांडीवर घेऊन. मग त्यानं सांगितलं की नंबर घालायचे त्यानंच टाळले होते, तेव्हा तोही सुटत नाही. आत्ता सरांना सांगितलं तर अभ्यास रद्द होईल, थिसिस परत येईल, त्याचं वर्ष जाईल. पण सर अभ्यास पुन्हा सुरू करतील हेही तितकंच खरं. परीक्षा बावीस तारखेला होती. घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, हे तो बोलला नाही, पण मला ठाऊक होतं.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

दीड वर्ष त्या लॅबमध्ये सगळं मीच ठरवत आले होते, मग हेही मीच ठरवलं.

"परीक्षा होऊन जाऊ दे," मी म्हटलं. "मग मी सांगते सरांना."

सौमित्र पास झाला आणि पुण्याला गेला. जाताना त्यानं विचारलं, सांगितलंत का. सांगते, म्हटलं. जूनमध्ये फोन करून विचारलं. सांगते, म्हटलं. पुढे त्यानं विचारायचं सोडलं. नोकरीची भीती होती, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी भीती त्या फळ्याची होती. जिनं सगळ्यांची नावं लिहिली, तिचं नाव कोण लिहिणार आणि कशाखाली, याचा विचार करून माझी झोप उडायची. सकाळी उठून मी पुन्हा तशीच खडूस चेहऱ्यानं कामाला जायची.

सरांचं बदलणं मात्र बघवत नव्हतं. नव्या विद्यार्थ्यांना शिकवताना ते सांगू लागले की पुस्तकं सुईचं कौतुक करतात, पण आपल्याकडच्या रोग्यांत आपण तोलून पाहिलंय, दाब तितकाच चांगला आहे. आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस. आकड्यांनी सांगितलं म्हणून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानलं. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत होते आणि मी मागे प्रोब पुसत होते.

सुई आमच्या लॅबमध्ये आली ती पाच वर्षांनी, दुसरे प्रमुख आल्यावर, कुठल्याही अभ्यासाशिवाय, एका अर्जावर. तोवर माझा अंगठा असा झाला होता की बाटलीचं झाकण फिरवता यायचं नाही. आता निवृत्त झालेय. परवा लॅबमध्ये गेले होते तर नवी मुलगी एका रोग्याला सुई देऊन मोकळी झाली, तेवढ्या वेळात माझा चहासुद्धा निवला नव्हता. तिनं विचारलं, मॅडम, पूर्वी तुम्ही हे हातानं करायचात म्हणे, कसं जमायचं? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

पण मला आठवला तो त्या वर्षीचा पावसाळ्यातला एक दिवस. सौमित्र जाऊन महिना झाला होता. नवा विद्यार्थी सुट्टीवर, म्हणून स्क्रीनवर खुद्द इनामदार सर. टेबलावर धनपाल आवटी, हळदीचे व्यापारी, शहाण्णव किलो, रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या चालू. पाकीटबिकीट काही नव्हतं आता. ज्याला पिशवी झाली त्याला दाब.

मी अठ्ठावीस मिनिटं दाबत होते. माझं सगळं वजन त्या अंगठ्यावर होतं आणि दंड थरथरत होते. आवटींनी ओठ चावून रक्त काढलं होतं. सर म्हणाले की प्रवाह जवळजवळ थांबलाय, हलू नका, हेच धरून ठेवा.

"ताई," आवटी पुटपुटले, "ह्याच्यापेक्षा सोपा काही इलाज नव्हता का हो?"

सर माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांचे डोळे स्क्रीनवर होते. सांगायचं तर याहून चांगली वेळ येणार नव्हती, आणि माझ्यात लपवायचंही बळ उरलं नव्हतं.

"होता," मी म्हटलं. "मी घालवला तो."

सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारावं म्हणून मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. पण ते हसले, दमलेल्या बाईनं काहीतरी टोमणा मारला म्हणून हसतात तसे. त्यांचं बघून आवटीही हसले. त्यांचं ते मोठं पोट गदगदलं, माझ्या प्रोबखालची जागा निसटली, आणि स्क्रीनवर लाल-निळा भोवरा पुन्हा उसळला.

"सुटलं," सर म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "चला बिरनाळे, पहिल्यापासून."